तीन किलोमीटर बर्फाला बोअर कशी मारतात? अंटार्क्टिकातल्या झटपट ड्रिलिंगची गोष्ट

भिवंडीत एखाद्या सोसायटीच्या किंवा गोदामाच्या आवारात बोअरवेलची गाडी आली की बघ्यांची गर्दी ठरलेली. कॉम्प्रेसरचा कानठळ्या बसवणारा आवाज, एकाला एक जोडत जमिनीत उतरणारे रॉड आणि भोकातून उसळणारी राखाडी भुकटी. काळ्या बेसॉल्टला दोन-तीनशे फूट भोक पाडून गाडी बहुतेक वेळा दिवसभरात दुसऱ्या पत्त्याकडे निघून जाते.

आता हेच काम अंटार्क्टिकात करायचं आहे असं समजा. तिथे खडक नाही, बर्फ आहे. बेसॉल्टच्या तुलनेत तो कितीतरी मऊ. तरीही युरोपीय शास्त्रज्ञांना अंटार्क्टिकाच्या डोम सी या ठिकाणी बर्फात ३,२६० मीटर खाली पोहोचायला १९९६ ते २००४ इतकी वर्षं लागली. मधे एकदा तर यंत्र भोकातच अडकलं आणि सगळं काम पहिल्यापासून सुरू करावं लागलं.

मऊ बर्फाला इतका वेळ का लागतो? आणि हे काम काही वर्षांऐवजी काही दिवसांत करता येईल का? गेली दहा-बारा वर्षं जगातले काही गट याच प्रश्नामागे लागले आहेत.

थोडक्यात सांगायचं तर

• अंटार्क्टिकाच्या बर्फात लाखो वर्षांपूर्वीची हवा बुडबुड्यांच्या रूपात अडकलेली आहे. तिच्यावरून पृथ्वीच्या हवामानाचा इतिहास कळतो.
• हा बर्फ बाहेर काढण्याची नेहमीची पद्धत अचूक आहे, पण फार संथ आहे.
• झटपट ड्रिलिंगमध्ये पूर्ण बर्फ बाहेर न काढता आधी भोक पाडलं जातं आणि हवा तेवढाच नमुना घेतला जातो.
• बर्फाखालचा खडक हाती लागला तर हा बर्फ पूर्वी कधी वितळला होता का, हेही कळू शकतं. समुद्राची पातळी किती वाढेल या प्रश्नाशी त्याचा थेट संबंध आहे.

बर्फात असं काय आहे?

अंटार्क्टिकावर दरवर्षी थोडा बर्फ पडतो आणि तो वितळत नाही. पुढच्या वर्षीचा थर त्याच्यावर बसतो. खालचा थर वजनाने दबत जातो, बर्फाच्या कणांमधली हवा कोंडली जाते आणि शेवटी घट्ट बर्फात तिचे बारीक बुडबुडे होतात. गोधडीच्या घड्या एकावर एक रचाव्यात तसे हे थर लाखो वर्षं साचत गेले आहेत. या हिमस्तराची सरासरी जाडी दोन किलोमीटरच्या आसपास आहे आणि सर्वात जाड ठिकाणी ती पावणेपाच किलोमीटरपर्यंत जाते.

या थरांमधून काढलेल्या बर्फाच्या लांब दंडगोलाला हिमगाभा म्हणतात. त्यातले बुडबुडे फोडले की त्या काळची प्रत्यक्ष हवा मिळते. बर्फाच्या पाण्यातल्या ऑक्सिजन आणि हायड्रोजनच्या समस्थानिकांवरून त्या वेळचं तापमान काढता येतं. मधेच राखेचा थर लागला तर एखादा ज्वालामुखी केव्हा फुटला होता, हेही समजतं.

डोम सीच्या गाभ्यातून ८ लाख वर्षांचा इतिहास मिळाला. त्या संपूर्ण काळात हवेतला कार्बन डायऑक्साइड साधारण १८० ते ३०० पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत १८० ते ३०० भाग, एवढाच राहिला. आज तो ४२० पीपीएमच्या वर आहे. हवामानबदलाच्या चर्चेत वारंवार येणारा हा आकडा अशा एका भोकातून वर आला आहे.

आजवर कुठे किती खोल?

• कॅम्प सेंच्युरी, ग्रीनलंड: १९६६ मध्ये अमेरिकी तुकडीने सुमारे १,३९० मीटर बर्फ पार केला. हिमस्तराचा तळ गाठणारा हा पहिला गाभा.
• बर्ड स्टेशन, अंटार्क्टिका: १९६८, २,१६४ मीटर. अंटार्क्टिकात तळ गाठणारा पहिला गाभा.
• व्होस्टोक, अंटार्क्टिका: १९९८ पर्यंत ३,६२३ मीटर. सुमारे ४ लाख २० हजार वर्षांचा इतिहास.
• डोम सी, अंटार्क्टिका: २००४ पर्यंत ३,२६० मीटर. ८ लाख वर्षं.
• लिटल डोम सी, अंटार्क्टिका: जानेवारी २०२५ मध्ये युरोपीय गटाने २,८०० मीटरवर तळाचा खडक गाठला. त्यातला बर्फ किमान १२ लाख वर्षं जुना आहे.

खाली जावं तसे थर किती चेपले जातात, याची कल्पना शेवटच्या उदाहरणावरून येते. लिटल डोम सीच्या गाभ्यात खोलवर एका मीटर बर्फात १३,००० पर्यंत वर्षं सामावलेली आहेत. माणूस शेती करायला लागला तेव्हापासून आजपर्यंतचा सगळा काळ तिथे हातभर बर्फात मावतो.

बर्फाला भोक पाडणं अवघड का?

तुलनेसाठी महाराष्ट्रातलंच एक उदाहरण घेता येईल. कोयना परिसरात १९६७ च्या डिसेंबरमध्ये मोठा भूकंप झाला. तिथे भूकंप का होतात हे समजून घेण्यासाठी गोठणे इथे संशोधनासाठी एक खोल छिद्र घेण्यात आलं. सुमारे सव्वा किलोमीटर जाडीचा बेसॉल्ट आणि त्याखालचा ग्रॅनाइटसारखा कठीण खडक फोडत हे छिद्र तीन किलोमीटर खोल गेलं आणि २०१७ मध्ये पूर्ण झालं. त्याला साधारण सहा महिने लागले.

कठीण खडकात सहा महिने आणि मऊ बर्फात आठ वर्षं, असं का व्हावं? त्याची चार कारणं आहेत.

पहिलं कारण, बर्फ वाहतो. खडकातलं भोक बहुतेक वेळा जसंच्या तसं राहतं. बर्फ मात्र प्रचंड दाबाखाली घट्ट मधासारखा हळूहळू सरकतो. तीन किलोमीटर बर्फाखाली एका चौरस सेंटिमीटरवर, म्हणजे साधारण बोटाच्या नखाएवढ्या जागेवर, सुमारे पावणेतीनशे किलो भार असतो. भोक रिकामं ठेवलं तर ते आपोआप आवळत जाऊन बंद होतं. म्हणून भोकात न गोठणारा द्रव भरून ठेवावा लागतो. या द्रवाची घनता बर्फाच्या जवळपास असावी लागते, म्हणजे तो आतून बर्फाइतकाच दाब देतो आणि भोक उघडं राहतं. पूर्वी यासाठी रॉकेलसारखं तेल आणि त्यात घनता वाढवणारं रसायन वापरत. आता त्याहून सुरक्षित द्रव वापरले जातात.

दुसरं कारण, पूर्ण गाभा हवा असतो. कोयनेच्या छिद्रात पूर्ण लांबीचा गाभा काढलेला नाही. हवामानाच्या अभ्यासात मात्र एकही वर्ष सुटून चालत नाही. नेहमीच्या पद्धतीत केबलला टांगलेलं विजेवर चालणारं ड्रिल खाली सोडतात, ते साधारण तीन मीटरचा गाभा कापतं, मग ते वर ओढून रिकामं करतात आणि पुन्हा खाली सोडतात.

याचा हिशेब मांडून पाहण्यासारखा आहे. तीन किलोमीटरसाठी हजार फेऱ्या. प्रत्येक फेरीत सरासरी दीड किलोमीटर खाली आणि दीड किलोमीटर वर. म्हणजे एकूण ३,००० किलोमीटर प्रवास, जवळजवळ काश्मीर ते कन्याकुमारी, तोही एका उभ्या भोकात. केबल सेकंदाला एक मीटर वेगाने चालते असं धरलं, तर अहोरात्र चालूनही नुसत्या चढ-उतारात ३५ दिवस जातात. बर्फ कापण्याचा वेळ यात धरलेलाच नाही.

तिसरं कारण, तळाजवळचा बर्फ उबदार असतो. डोम सीवर पृष्ठभागाचं वर्षभराचं सरासरी तापमान उणे ५५ अंशांच्या आसपास आहे. पण पृथ्वीच्या पोटातली उष्णता खालून येत राहते आणि वरचा बर्फ दुलईसारखा ती कोंडून ठेवतो. त्यामुळे तळाशी बर्फ वितळण्याच्या बेतात असतो. अशा बर्फाचा कीस ड्रिलच्या पात्यांना चिकटून पुन्हा गोठतो आणि ड्रिल अडकू शकतं. डोम सीवर पहिलं ड्रिल अडकलं ते मात्र तळाच्या कितीतरी वर, ७८८ मीटरवर. ते निघालं नाही आणि बाजूला नवं भोक सुरू करावं लागलं.

चौथं कारण, काम करायला दिवस कमी. अंटार्क्टिकाच्या आतल्या भागात विमानं आणि माणसं पोहोचतात ती साधारण नोव्हेंबर ते फेब्रुवारी. तंबू उभारणं, यंत्र गरम करणं आणि परतीची आवराआवर वजा केली की हाती थोडे आठवडे उरतात. पुढचं काम पुढच्या वर्षी.

मग इतकी घाई कशासाठी?

हवामानशास्त्रात एक जुनं कोडं आहे. आजपासून मागे साधारण ७ लाख वर्षांपर्यंत हिमयुगं सुमारे एक लाख वर्षांच्या अंतराने येत होती. त्याआधी, १२ लाख वर्षांच्या पलीकडे, हीच फेरी ४१ हजार वर्षांची होती. मधल्या काळात पृथ्वीने आपली लय बदलली. का बदलली, हे अजून सुटलेलं नाही. कार्बन डायऑक्साइड कमी झाल्यामुळे असं झालं का, हे तपासायचं तर त्या काळातली हवाच हवी. डोम सीचा बर्फ ८ लाख वर्षांवर संपतो.

मग १५ लाख वर्षांचा अखंड बर्फ शोधायचा कुठे? विमानातून आणि बर्फावरून रडार फिरवून तळाचे नकाशे करता येतात आणि थरांच्या रेषाही दिसतात. पण तळाशी नेमकं तापमान किती आहे, सर्वात जुना थर वितळून गेलाय की शाबूत आहे, हे रडार खात्रीने सांगू शकत नाही. खोल ड्रिलिंगच्या मोहिमेत अनेक वर्षं आणि भरपूर पैसा जातो. एवढं करून तळाचा बर्फ वितळून गेलेला निघाला, तर सगळंच पाण्यात.

गावात विहीर खणण्याआधी पाणाड्याला बोलावतात किंवा आधी एक बोअर मारून बघतात. बर्फातल्या झटपट ड्रिलिंगमागेही हाच विचार आहे. आधी चार-सहा जागी पटकन भोक पाडून तापमान आणि बर्फाचं वय बघायचं. मग जिथे खात्री वाटेल तिथेच मोठी मोहीम न्यायची.

झटपट भोक पाडण्याच्या तऱ्हा

*गरम पाणी.* बर्फातलं सर्वात वेगवान भोक गरम पाण्याच्या फवाऱ्याने पडतं. दक्षिण ध्रुवावरच्या आइसक्यूब या न्यूट्रिनो वेधशाळेसाठी असे ८६ खड्डे करण्यात आले. प्रत्येक खड्डा जवळपास अडीच किलोमीटर खोल आणि सुमारे ६० सेंटिमीटर रुंद. एका खड्ड्याला साधारण दोन दिवस लागत. २०१० च्या डिसेंबरमध्ये हे काम संपलं. पण या पद्धतीत बर्फाचा नमुना हाती लागत नाही, तो वितळून जातो. पाणी तापवायला अफाट इंधन लागतं आणि भोक थोड्याच वेळात पुन्हा गोठतं.

गरम पाण्याचा उपयोग बर्फाखालच्या सरोवरांपर्यंत पोहोचण्यासाठीही झाला आहे. २०१३ च्या जानेवारीत अमेरिकी गटाने ८०० मीटर बर्फाखालचं व्हिलन्स सरोवर गाठलं. वापरलेलं पाणी गाळून आणि अतिनील किरणांनी निर्जंतुक करून घेतलं होतं. त्या अंधाऱ्या पाण्यात जिवंत सूक्ष्मजीव सापडले. त्याच्या आदल्याच महिन्यात ब्रिटिश गटाला एल्सवर्थ सरोवराच्या मोहिमेत माघार घ्यावी लागली होती. तिथे ३०० मीटर खोलीवर पाण्याचा एक साठा तयार करून त्याला मुख्य भोक जोडायचं होतं. ते जुळलं नाही, इंधन संपत आलं आणि तीन किलोमीटर खालचं सरोवर तसंच राहिलं.

*कीस गोळा करणारं ड्रिल.* ब्रिटिश अंटार्क्टिक सर्व्हेने गाभा काढायचाच नाही, असं ठरवून एक हलकं ड्रिल बनवलं. ते बर्फ किसत खाली जातं, कीस नळीत भरून वर आणतं आणि तो कीस खोलीप्रमाणे पिशव्यांमध्ये भरला जातो. बर्फाचा चुरा झाला तरी त्यातले समस्थानिक कुठे जात नाहीत, म्हणून वय आणि तापमानाचा अंदाज येतो. २०१७-१८ च्या हंगामात या ड्रिलने लिटल डोम सी परिसरात ४६१ मीटर खोली गाठली. याच भागात पुढे युरोपीय गटाचं खोल ड्रिलिंग झालं.

*खाणकामाचं यंत्र बर्फावर.* सर्वात मोठी झेप घेण्याचा प्रयत्न अमेरिकेच्या रॅपिड अ‍ॅक्सेस आइस ड्रिल या प्रकल्पाचा आहे. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला ‘रेड’ म्हणतात. गंमत म्हणजे ब्रिटिश ड्रिलचं छोटं नावही तेच आहे. भूशास्त्रज्ञ जॉन गूज आणि हिमगाभ्यांचे अभ्यासक जेफ्री सेव्हरिंगहॉस हे या प्रकल्पाचे प्रमुख. पैसा अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनचा आणि यंत्र बांधलं सॉल्ट लेक सिटीच्या डोसेक एक्सप्लोरेशन सर्व्हिसेसने.

‘रेड’ नेमकं काय करतं?

बोअरवेलची गाडी डोळ्यांसमोर आणली की हे यंत्र समजायला सोपं जातं. खनिजं शोधण्यासाठी खडकात भोकं पाडणारं फिरतं ड्रिल यात घेतलं आहे आणि बर्फासाठी बदललं आहे. सगळा सरंजाम स्लेजवर बसवलेला असतो आणि ट्रॅक्टर तो बर्फावरून ओढत नेतात.

भिवंडीच्या बोअरला वरच्या माती-मुरमाच्या थरात केसिंग पाइप घालावा लागतो, नाहीतर बाजू ढासळतात. हिमस्तरावरही वरचा थर भुसभुशीत असतो. अजून पूर्ण बर्फ न झालेला हा दाबलेला हिमकणांचा थर शंभर मीटरपर्यंत जाऊ शकतो. त्यात द्रव ओतला तर तो झिरपून जाईल. म्हणून इथेही आधी केसिंग घालून ते खालच्या घट्ट बर्फात पक्कं बसवतात.

बोअरवेलमध्ये कॉम्प्रेसरची हवा खडकाची भुकटी वर फेकते. ‘रेड’मध्ये हे काम न गोठणारा द्रव करतो. तो सतत फिरत राहतो, बर्फाचा कीस वर आणतो, गाळला जातो आणि पुन्हा खाली जातो. यामुळे दर तीन मीटरला ड्रिल वर ओढण्याची गरजच राहत नाही. वर फक्त नवे रॉड जोडत जायचं. हजार फेऱ्यांचा हिशेब इथेच निकालात निघतो.

हवा असलेला थर आला की मग गाभा कापणारी नळी लावून थोड्या लांबीचा बर्फ घेता येतो. त्याखाली खडक लागला तर खडकाचाही गाभा काढता येतो. भोक तयार झाल्यावर त्यात तापमापक सोडतात. शिवाय एक प्रकाशयंत्र उतरवतात. ते बर्फात प्रकाश टाकतं आणि धुळीमुळे तो किती विखुरतो हे मोजतं. हिमयुगात हवेत धूळ जास्त असते, त्यामुळे धुळीच्या थरांची नक्षी माहीत असलेल्या जुन्या गाभ्यांशी जुळवून बर्फाचं वय काढता येतं.

यंत्राचं उद्दिष्ट आहे ३,३०० मीटर बर्फ सुमारे २०० तासांत पार करण्याचं, म्हणजे साधारण आठ दिवसांत. ते अजून गाठलेलं नाही. पण २०१९-२० च्या हंगामात अमेरिकेच्या मॅकमर्डो तळापासून फार लांब नसलेल्या मिना ब्लफ इथे चाचणी झाली. तिथे मिनिटाला १.२ मीटरपर्यंत वेग मिळाला, भोक सुमारे ६८० मीटर खोल गेलं आणि बर्फ, तळाचा गाळ व खडक असा तीन मीटरहून थोडा अधिक गाभा वर आला. त्या वेगाने अखंड काम झालं तर तीन किलोमीटर बर्फ ४२ तासांत कापून होईल. प्रत्यक्षात रॉड जोडणं, द्रव सांभाळणं, दुरुस्त्या हे सगळं धरूनच २०० तासांचा अंदाज बांधलेला आहे.

या वेगाची किंमतही आहे. पूर्ण गाभा मिळत नाही, त्यामुळे सलग इतिहास हवा असेल तर जुन्या संथ पद्धतीला पर्याय नाही. यंत्र जड आहे आणि ते आतल्या भागात ओढत न्यावं लागतं. द्रवाचा दाब थोडा जास्त झाला तर बर्फच तडकतो आणि द्रव त्या फटीत पळून जातो. बर्फाखाली सरोवर असेल तर तिथे असा द्रव पोहोचू न देण्याची काळजी घ्यावी लागते. २०१२ च्या फेब्रुवारीत रशियन गटाचं ड्रिल ३,७६९ मीटरवर व्होस्टोक सरोवराला जाऊन भिडलं, तेव्हा वर आलेल्या पाण्यात सरोवराचं काय आणि भोकातल्या रॉकेलचं काय, यावर बरीच वर्षं वाद चालला.

तळाचा खडक काय सांगतो?

बर्फाखालच्या खडकाचं महत्त्व कॅम्प सेंच्युरीच्या गोष्टीवरून कळतं. १९६६ मध्ये तिथे बर्फासोबत तळाखालची सुमारे साडेतीन मीटर गोठलेली मातीही वर आली होती. सगळ्यांचं लक्ष बर्फाकडे होतं. माती फ्रीझरमध्ये पडून राहिली, अमेरिकेतून डेन्मार्कला गेली आणि विस्मरणात गेली. अर्धशतकानंतर ती पुन्हा हाती लागली. भिंगाखाली धरल्यावर तिच्यात काटक्या, पानं आणि शेवाळाचे तुकडे दिसले. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार ती जागा सुमारे ४ लाख १६ हजार वर्षांपूर्वी बर्फाविना उघडी होती.

उघड्या खडकावर अवकाशातले किरण पडतात तेव्हा त्यात बेरिलियम-१० आणि अ‍ॅल्युमिनियम-२६ असे दुर्मीळ अणू तयार होतात. वर जाड बर्फ आला की ते तयार होणं थांबतं आणि असलेले अणू ठरलेल्या वेगाने कमी होत जातात. म्हणून खडकाचा एक तुकडा मिळाला तरी शेवटचा सूर्यप्रकाश त्याने कधी पाहिला, याचा अंदाज बांधता येतो. अडचण एवढीच की तीन किलोमीटर बर्फाखालचे असे तुकडे जगात मोजकेच आहेत. झटपट ड्रिल हवंय ते यासाठीही.

आता याचा इथल्या माणसांशी संबंध काय? ग्रीनलंडचा सगळा बर्फ वितळला तर जगभरात समुद्राची पातळी सरासरी सात मीटरहून अधिक वाढेल, आणि अंटार्क्टिकाचा सगळा वितळला तर सुमारे ५८ मीटर. हे काही उद्या होणार नाही, त्याला शतकं आणि सहस्रकं लागतील. पण सुमारे सव्वा लाख वर्षांपूर्वी, जग आजच्यापेक्षा थोडंसंच उबदार असताना, समुद्र आजच्यापेक्षा सहा ते नऊ मीटर वर होता. ते पाणी नेमकं कुठल्या बर्फातून आलं हे कळलं, तर कोणता हिमस्तर आधी ढासळतो हे कळेल. कशेळी-काल्हेरच्या खाडीला भरतीचं पाणी कुठवर येतं हे तिथल्या माणसांना ठाऊक आहे. पुढच्या पिढ्यांसाठी ती रेषा कुठे सरकेल, याचं उत्तर काही अंशी त्या खडकात आहे.

गोव्यातलं बर्फाचं भांडार

भारताचा अंटार्क्टिकाशी संबंध गोव्यातून सुरू झाला. डॉ. एस. झेड. कासिम यांच्या नेतृत्वाखाली पहिली मोहीम ६ डिसेंबर १९८१ रोजी गोव्याहून निघाली आणि ९ जानेवारी १९८२ रोजी अंटार्क्टिकावर उतरली. आज मैत्री आणि भारती ही दोन भारतीय केंद्रं तिथे काम करतात. त्यांचा कारभार पाहणारं राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र वास्कोच्या हेडलँड सडा इथे आहे. १९९८ मध्ये ते सुरू झालं.

बाहेर कोकणचा दमट उकाडा आणि आत उणे २० अंशांची खोली, अशी तिथली हिमगाभा प्रयोगशाळा आहे. अंटार्क्टिकातून आणलेला बर्फ तिथे ठेवला जातो. जाड कपडे घालून शास्त्रज्ञ त्याचे काप करतात, बाहेरचा दूषित झालेला थर तासून टाकतात आणि आतल्या स्वच्छ भागाची तपासणी करतात. वीज गेली तर पर्यायी व्यवस्था लगेच सुरू व्हावीच लागते, कारण वितळलेला गाभा पुन्हा गोठवून त्यातला इतिहास परत मिळत नाही.

भारतीय गटांनी काढलेले गाभे तुलनेने उथळ आहेत. पण उथळ गाभ्यात अलीकडचा काळ अगदी बारकाईने वाचता येतो. मध्य ड्रॉनिंग मॉड लँड भागातल्या एका भारतीय गाभ्यातून १९०५ ते २००५ या शंभर वर्षांचा अभिलेख तयार झाला. तिथल्या तापमानातल्या चढ-उतारांचा संबंध दक्षिण गोलार्धातल्या वाऱ्यांच्या पट्ट्याशी आणि एल निनोशी असल्याचं त्यातून दिसलं. ज्या एल निनोच्या बातमीने इथला शेतकरी जूनआधीच धास्तावतो, त्याच्या खुणा अंटार्क्टिकाच्या बर्फातही आहेत.

पुढे काय?

लिटल डोम सीच्या १२ लाख वर्षांच्या बर्फाचा अभ्यास युरोपातल्या प्रयोगशाळांमध्ये सुरू आहे. हिमयुगांची लय का बदलली, याचं उत्तर त्यातून मिळेल अशी आशा आहे. पण विज्ञानात एका भोकावर भागत नाही. दुसऱ्या जागी तसाच निकाल आला तरच तो पक्का मानला जातो. म्हणून एका जागी आठ-दहा वर्षं घालवण्यापेक्षा एका हंगामात दोन-तीन जागा तपासणारं यंत्र हवं आहे.

संथ ड्रिल आणि झटपट ड्रिल ही एकमेकांची जागा घेणारी यंत्रं नाहीत. झटपट ड्रिल पाणाड्याचं काम करतं, विहीर खणण्याचं काम संथ ड्रिलचंच. फरक एवढाच की पाणाड्याचा अंदाज चुकला तर दुसरी जागा बघता येते. इथे मात्र एक चूक म्हणजे वाया गेलेली अनेक वर्षं, आणि समुद्र कुठवर चढेल याचं उत्तर तेवढी वर्षं लांबणीवर.